एथेल वॉटर्स : जिच्या गाण्यातला शब्द न् शब्द कळतो

रानवारा (मूळ लेख)

सुरुवातीच्या जॅझ गायिका म्हटलं की आपल्याकडे बेसी स्मिथ आणि बिली हॉलिडे ही दोन नावं लगेच निघतात. एथेल वॉटर्सचं नाव क्वचितच कुणी घेतं. मला हे मनापासून खटकतं. 1921 ते 1933 या काळातल्या तिच्या तबकड्या ओळीने ऐकल्या, तर माइकसमोर उभं राहून, आवाज न चढवता, शब्दाचा अर्थ धरून गाण्याची आजची पद्धत कुठून आली ते कानांनाच कळतं. म्हणून हा धागा.

तिचा जन्म 31 ऑक्टोबर 1896 चा, पेन्सिल्व्हेनियातल्या चेस्टर गावचा. आई लुईस अँडरसन तेव्हा स्वतःच कोवळी पोर होती आणि हे मूल बलात्कारातून झालेलं होतं. लुईसला ही मुलगी जवळ करता आली नाही. एथेलला वाढवलं आजीने. आजी सॅली गोऱ्या घरांतून धुणीभांडी, स्वयंपाक करायची, बरेचदा तिथेच मुक्कामाला असायची आणि नात चेस्टर-फिलाडेल्फियाच्या वस्त्यांत मावश्यांच्या घरी जमेल तशी वाढत होती. आपल्याला बालपण असं नव्हतंच, हे ती आत्मचरित्रात अगदी सुरुवातीलाच सांगून टाकते. चोरीमारी, शिव्यागाळी, वेश्यावस्तीतल्या बायकांची ओळख हे सगळं तिने फार लवकर पाहिलं. काही काळ ती कॅथलिक शाळेत गेली. तिथल्या नन्सनी दिलेली माया ती जन्मभर विसरली नाही. तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा मारायचा, ते लग्न टिकलं नाही. मग फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात ती मोलकरणीचं काम करायला लागली. पगार आठवड्याला पावणेपाच डॉलर.

सतराव्या वाढदिवशी, हॅलोविनच्या रात्री, एका क्लबात मित्रमैत्रिणींनी आग्रह करून तिला गायला उभं केलं. ते ऐकून दोन व्हॉडव्हिलवाल्यांनी (गाणी, नाच, नकला अशा मिश्र करमणुकीचे खेळ करणाऱ्यांनी) तिला बाल्टिमोरच्या लिंकन थिएटरात काम देऊ केलं. उंच, सडपातळ होती म्हणून जाहिरातीत नाव आलं ‘स्वीट मामा स्ट्रिंगबीन’. त्याच सुमारास तिने संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीचं ‘सेंट लुई ब्लूज’ रंगमंचावर गायला सुरुवात केली (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची दुःखाची गाणी). ते धंदेवाईक रंगमंचावर गाणारी पहिली स्त्री आपणच, असा तिचा दावा होता.

पुढची काही वर्षं कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठीच्या थिएटरांतून, जत्रांतून, तंबूंतून गेली. अटलांटात ती आणि बेसी स्मिथ एकाच कार्यक्रमात आल्या. दक्षिणेत बेसी म्हणजे राणी. आपल्यासोबत दुसरं कुणी ब्लूज गाणार नाही, असं बेसीने मालकाला बजावलं होतं. पण प्रेक्षकांनी आरडाओरडा करून एथेलकडूनही ब्लूज मागितले आणि ते तिने गायले. निघताना बेसीने तिला बोलावून घेतलं आणि माझ्याच मुलखात येऊन कुणी असं करून दाखवेल असं वाटलं नव्हतं, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. बेसीचा आवाज मोठा, जड, तंबूच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा होता. एथेल त्याच ओळी हळू म्हणायची आणि लोक कान टवकारून ऐकायचे.

1919 च्या आसपास ती न्यूयॉर्कला हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आली आणि एडमंड्स सेलर नावाच्या तळघरातल्या क्लबात गायला लागली. चोर, जुगारी, वेश्या अशी तिथली गिऱ्हाइकं. त्याच तळघरात पियानोवादक लू हेन्लीने तिला ब्लूजच्या पलीकडची, ब्रॉडवेवरची (न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या भागातली), गोष्ट सांगणारी गाणी गायला भरीस घातलं. तिच्या पुढच्या सगळ्या गाण्याचं मूळ मला तिथे दिसतं.

1921 मध्ये हॅरी पेसच्या ‘ब्लॅक स्वान’ कंपनीसाठी तिने ‘डाउन होम ब्लूज’ आणि ‘ओ डॅडी’ ध्वनिमुद्रित केली. कृष्णवर्णीयांच्या मालकीची ही रेकॉर्ड कंपनी तेव्हा नवीन आणि अडचणीत होती. कंपनीत कामाला होता फ्लेचर हेंडरसन, अटलांटाहून रसायनशास्त्र शिकून आलेला, अतिशय सुसंस्कृत मुलगा. तू लोकप्रिय गाणी गाणार की ‘सांस्कृतिक’, असा प्रश्न त्यांना पडला होता. शेवटी लोकप्रियच ठरलं, आणि तबकडी इतकी खपली की कंपनी तोट्यातून बाहेर आली. याच कंपनीने बेसी स्मिथला चाचणी घेऊन नाकारलं होतं.

मग कंपनीने एथेल आणि हेंडरसन यांना दौऱ्यावर पाठवलं. वाटेत तिचं हेंडरसनशी वाजायचं, कारण त्याचा पियानो तिला फार मऊ, फार सभ्य वाटायचा. तिने त्याला पियानोवादक जेम्स पी. जॉन्सनचे पियानो रोल (आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठीच्या छिद्रं पाडलेल्या कागदी गुंडाळ्या) ऐकायला लावले, त्यातलं डाव्या हाताचं वादन उचलायला लावलं. पुढे हाच हेंडरसन मोठ्या जॅझ वाद्यवृंदांचा पाया घालणारा ठरला. त्याच्या घडणीत एथेलचा हा हट्ट फार थोडे लोक मोजतात.

1925 मध्ये ब्रॉडवेवरच्या प्लँटेशन क्लबात तिने ‘डायना’ गायलं आणि कोलंबिया रेकॉर्ड कंपनीसाठी ते ध्वनिमुद्रितही केलं. त्याच वर्षी पॅरिसला जाणाऱ्या एका रेव्ह्यूसाठी (नाचगाण्यांच्या कार्यक्रमासाठी) तिला विचारणा झाली होती. तिने मागितलेले पैसे त्यांना परवडले नाहीत, आणि तिच्याऐवजी गेली जोसेफिन बेकर.

1929 मध्ये वॉर्नरच्या ‘ऑन विथ द शो’ या रंगीत बोलपटात तिने ‘ॲम आय ब्लू?’ गायलं. आणि मग आला एप्रिल 1933, कॉटन क्लब.

कॉटन क्लब हार्लेममध्ये होता, कलाकार सगळे कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक फक्त गोरे. हॅरल्ड आर्लेन आणि टेड केलर यांनी ‘स्टॉर्मी वेदर’ आधी गायक कॅब कॅलोवेला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं, पण ते आलं एथेलकडे. सोबत ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद. विजा-ढगांच्या गडगडाटाचे देखावे कमी करा, गाणं माणसाचं आहे, असा तिने आग्रह धरला. एका खोपटासमोर, दिव्याच्या खांबाखाली, निळ्या प्रकाशात ती एकटी उभी राहून गायची. तिचं दुसरं लग्न तेव्हा मोडत होतं. ज्या नरकात मी होते तिथूनच ते गाणं येत होतं, असं तिने लिहून ठेवलंय. लोक ते पुन्हा पुन्हा गायला लावत.

गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिनने तिथे तिला ऐकलं आणि त्याच वर्षी ‘ॲज थाउजंड्स चिअर’ या ब्रॉडवेच्या प्रयोगात घेतलं. बाकी सगळे मुख्य कलाकार गोरे होते, आणि त्यांच्या बरोबरीने एका कृष्णवर्णीय स्त्रीचं नाव झळकायची ही पहिली वेळ. त्यातल्या ‘सपर टाइम’बद्दल स्वतंत्र लिहायला हवं, ते प्रतिसादांत बोलू.

---

मेघना_त

रानवारा, फार छान लिहिलंय. ‘सपर टाइम’बद्दल राहवत नाही म्हणून मीच लिहिते.

हे गाणं म्हणजे एक बाई रात्रीच्या जेवणाची तयारी करतेय. टेबल मांडायचंय, मुलांना जेवायला वाढायचंय आणि त्यांना सांगायचंय की बाबा आता कधीच घरी येणार नाहीत. नवऱ्याला झुंडीने मारलंय. प्रयोगाची रचना वर्तमानपत्राच्या मथळ्यांवर होती, आणि या गाण्याआधी पडद्यावर अशाच हत्येच्या बातमीचा मथळा दिसायचा. पुढेमागे सगळे विनोदी प्रवेश, हवापाण्यावरचं ‘हीट वेव्ह’ हे नाचाचं गाणं, आणि मध्येच हे. प्रयोग करमणुकीचा आहे, हे गाणं काढून टाका, असा दबाव आला होता. बर्लिनने ते ठेवलं.

आता याला जोडून एक गोष्ट. ब्लॅक स्वानच्या 1922 च्या दौऱ्यात एथेल जॉर्जियातल्या मेकन गावी गेली होती. त्याआधीच तिथे एका कृष्णवर्णीय तरुणाला झुंडीने मारून त्याचं प्रेत थिएटरच्या दर्शनी दालनात आणून टाकलं होतं. ही हकिकत तिने आत्मचरित्रात सांगितली आहे. त्याच दौऱ्यावर दक्षिणेत जायला नको म्हणून काही वादकांनी काम सोडलं होतं, ती मात्र गेली. अकरा वर्षांनी न्यूयॉर्कच्या चांगल्या कपड्यांतल्या, पोटभर जेवून आलेल्या प्रेक्षकांसमोर ‘सपर टाइम’ गाताना आपण आपल्या माणसांची गोष्ट यांना ऐकवतोय, अशी तिची भावना होती.

बिली हॉलिडेने झुंडीच्या हत्यांवरचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ गायलं 1939 मध्ये. त्याबद्दल भरपूर लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण ब्रॉडवेच्या रंगमंचावर हा विषय सहा वर्षं आधी एथेलने उभा केला होता, हे कुणी सांगतच नाही.

---

तबकडीवाला

लेख आवडला, पण एक हरकत नोंदवतो. तिला जॅझ गायिका म्हणायचं का? जॅझमध्ये गायकाने वाद्यासारखं, चाल मोडून, तालाच्या मागेपुढे खेळत गायचं असतं. एथेलच्या कित्येक तबकड्यांत ती चाल जवळपास जशीच्या तशी म्हणते. ‘र’ घोळवून, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणण्याची तिची पद्धत मला नाटकी वाटते. उत्तम रंगभूमी-गायिका म्हणा, माझी ना नाही.

---

स्वरदा_गायन

तबकडीवाला, मी गाणं शिकवते, म्हणून कानांच्या बाजूने सांगते.

तिचं गाणं ऐकताना पहिलं आवर्तन आणि दुसरं आवर्तन वेगवेगळं ऐका. पहिल्यांदा ती चाल सरळ मांडते, शब्द कळू देते. गाणं तुमच्या डोक्यात बसलं की दुसऱ्यांदा तीच चाल सैल सोडते. कुठे शब्द तालाच्या मागे टाकते, कुठे दोन ओळींची एक करते, कुठे आवाजात घोगरेपणा आणते, कुठे नुसतं बोलते. ‘डायना’त हे स्पष्ट आहे. आधी मूळ मांडून मग मोडणं हे तर जॅझचं व्याकरणच झालं.

आणि ‘आय कान्ट गिव्ह यू एनिथिंग बट लव्ह’ ही 1932 ची, एलिंग्टनच्या वाद्यवृंदासोबतची तबकडी ऐकाच. दुसऱ्या आवर्तनात ती ट्रंपेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगची हुबेहूब नक्कल करते, खर्जातला खरखरीत आवाज, मधले निरर्थक बोल, सगळं. 1925 च्या ‘मेबी नॉट ॲट ऑल’मध्ये तिने बेसी आणि क्लारा स्मिथ या दोघींच्या ढबी उचलून दाखवल्या आहेत. दुसऱ्याची शैली इतकी आत जाऊन उचलता येते तिला स्वतःची शैली निवडता येते. सरळ गाणं ही तिची निवड होती.

शब्द सुटे म्हणण्याबद्दल एक कारण तांत्रिकही आहे. 1925 पर्यंत कर्ण्यासमोर गाऊन ध्वनिमुद्रण व्हायचं. ज्याचा आवाज मोठा त्याचाच ठसा मेणावर नीट उमटायचा. त्या जुन्या तबकड्यांतही एथेलचे शब्द कळतात, ते या उच्चारांमुळे. मग माइक आला, विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झालं, आणि हळू गाणाऱ्यांचे दिवस आले. तोवर ती तयारच होती. मिल्ड्रेड बेली, ली वायली, लीना हॉर्न या सगळ्यांच्या गाण्यात मला ती ऐकू येते. गायिका सोफी टकर तर पैसे देऊन तिला खासगीत गायला बोलवायची, ढब अभ्यासायला.

---

तबकडीवाला

1932 ची ती तबकडी माझ्याकडे संग्रहात आहे, आज पुन्हा लावली. आर्मस्ट्राँगची नक्कल अप्रतिम, मान्य. तरीही नाटकीपणाबद्दल माझं मत कायम आहे. पण हेही खरं की ‘स्टॉर्मी वेदर’ ब्रन्सविक कंपनीच्या तबकडीवर ऐकताना तो नाटकीपणा मला अजिबात जाणवत नाही. तिथे ती रडतही नाही, आवाजही मोठा करत नाही. थकलेली वाटते. पुढे ते गाणं शेकडोंनी गायलं, तो थकवा कुणाला जमला नाही.

---

कुलाबाकर

थोडं बाजूचं, पण आपल्याला जोडणारं. एथेल ज्या काळात ब्रॉडवेवर होती, त्याच काळात, 1935 मध्ये, लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड आला. शिकागोत आर्मस्ट्राँगसोबत वाजवलेला वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला स्थिरावला आणि 1945 मध्ये तिथेच वारला. या मंडळींसोबत बसून आपल्या गोव्याच्या वादकांनी जॅझ शिकून घेतलं, आणि तेच वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत बसले. चिक चॉकलेट हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव.

अमेरिकेत ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात राहायला खोली मिळत नव्हती, ते कलाकार ताजमध्ये मानाने वाजवत होते. त्या काळचे कृष्णवर्णीय कलाकार युरोप-आशियाकडे का वळत होते ते यातून कळतं. एथेल मात्र अमेरिकेतच राहिली आणि तिथल्या रंगमंचावर जागा करून घेतली.

---

अनुप्रिया_फिली

मी फिलाडेल्फियाजवळ राहते. चेस्टर इथून अगदी लागून आहे. नदीकाठचं जुनं कारखान्यांचं गाव, आज बरंच ओसरलेलं. इथल्या माझ्या कृष्णवर्णीय शेजारीण आजी एथेलला ओळखतात त्या मात्र चर्चमधली गायिका म्हणून! जॅझचं नाव काढलं की त्यांना आश्चर्य वाटतं.

1957 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या धर्मसभा चालू होत्या. एथेल तिथे श्रोत्यांत जाऊन बसली आणि मग समूहगानात गायला लागली. त्यानंतर जवळपास शेवटपर्यंत ती त्यांच्या सभांतून ‘हिज आय इज ऑन द स्पॅरो’ गात राहिली. त्यामुळे इथल्या एका अख्ख्या पिढीला ती फक्त भजन म्हणणारी प्रेमळ, जाडजूड आजी म्हणून माहीत. 1925 मधली ‘शेक दॅट थिंग’ गाणारी चावट, तरतरीत एथेल त्यांनी ऐकलेलीच नाही.

रानवारा, मधल्या काळाबद्दल लिहा ना. सिनेमे, नाटकं?

---

रानवारा

अनुप्रियाताई, लिहितो. मेघनाताई आणि स्वरदाताई, तुमच्या प्रतिसादांनी धागा खूप पुढे नेला, आभार.

3 जानेवारी 1939 ला ‘माम्बाज डॉटर्स’ नाटक आलं. ब्रॉडवेवरच्या गंभीर नाटकात कृष्णवर्णीय स्त्री प्रमुख भूमिकेत, हेही पहिल्यांदाच. तिची भूमिका हेगर नावाच्या अबोल, कष्टाळू, मुलीसाठी काहीही करणाऱ्या आईची. हेगर म्हणजे माझी आईच, असं एथेल म्हणायची. जिने आपल्याला कधी जवळ घेतलं नाही, त्या आईला ती रोज रात्री रंगमंचावर समजून घेत होती. तिच्या चरित्रातलं मला सर्वांत भिडलेलं पान हे. पहिल्या प्रयोगानंतर तिला सतरा वेळा पडद्यापुढे यावं लागलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या ब्रूक्स ॲटकिन्सनने प्रतिकूल लिहिलं, तर नाट्यसृष्टीतल्या नामवंतांनी त्याच पेपरात पैसे भरून जाहिरात दिली की हा अभिनय थोर आहे.

1940 मध्ये ‘केबिन इन द स्काय’ हे संगीत नाटक, त्यातलं ‘टेकिंग अ चान्स ऑन लव्ह’. 1943 मध्ये त्यावर व्हिन्सेंट मिनेलीचा चित्रपट निघाला. चित्रीकरणात तिचा आणि तरुण लीना हॉर्नचा खटका उडाला, एथेलचा राग सेटवर सर्वांसमोर फुटला. त्यानंतर सहा वर्षं हॉलिवूडने तिला काम दिलं नाही. तिचा स्वभाव तापट, संशयी होता, हे तिच्यासोबत काम केलेल्या अनेकांनी सांगितलंय. पण गोऱ्या नटांचे असे राग किती सहज पोटात घातले गेले, तेही पाहायला हवं.

1949 मध्ये ‘पिंकी’ हा चित्रपट. दिग्दर्शक जॉन फोर्डशी तिचं जमलं नाही, दिग्दर्शन इलिया कझानकडे गेलं, आणि आजीच्या भूमिकेसाठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. हॅटी मॅकडॅनियलनंतर नामांकन मिळालेली ती दुसरी कृष्णवर्णीय कलावंत.

---

मेघना_त

एक अवघड प्रश्न विचारते. पिंकीतली आजी, ‘ब्यूला’ या टीव्ही मालिकेतली मोलकरीण, ‘मेंबर ऑफ द वेडिंग’मधली स्वयंपाकीण. गोऱ्या घरात राबणारी प्रेमळ बाई, एवढीच चौकट तिला उरली का? त्यावर तेव्हाही टीका झाली होती.

---

रानवारा

चौकट तीच होती, हे खरंच. पण चौकटीत तिने काय केलं ते बघा. ‘ब्यूला’ तिने पहिल्या हंगामानंतर सोडली. ‘मेंबर ऑफ द वेडिंग’मधली बेरेनिस मात्र वेगळी आहे. मूळ संहितेतली बेरेनिस तिला फार कडवट, देव नसलेली वाटली, म्हणून तिने आधी भूमिका नाकारली. मग तिला आपल्या पद्धतीने करायची मुभा मिळाली आणि ‘स्पॅरो’ हे भजन तिच्या आग्रहाने नाटकात आलं, हे आजी सॅलीचं आवडतं भजन. 1950 मध्ये नाटक आलं, 1952 मध्ये फ्रेड झिनेमनचा चित्रपट. ज्युली हॅरिस आणि छोटा ब्रँडन डी वाइल्ड या दोघांना मांडीवर घेऊन ती ते गाते. नोकराणी म्हणून नाही, त्या घरातली एकमेव मोठी माणूस म्हणून.

शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीची होती. कर थकला होता, एकेकाळी ब्रॉडवेवर सर्वाधिक मानधन घेणाऱ्यांत गणलेली बाई मिळेल ते काम करत होती. 1961 मध्ये ‘रूट 66’ मालिकेच्या एका भागात तिने मरणाच्या दारातली जुनी ब्लूज गायिका केली, सोबत कोलमन हॉकिन्स, रॉय एल्ड्रिज, जो जोन्स हे जॅझ वादक. त्यासाठी एमी नामांकन मिळालं. 1 सप्टेंबर 1977 ला कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थ इथे ती गेली, वय 80.

---

नवखा_श्रोता

वाचतोय, खूप नवीन कळलं. माझं जॅझ ऐकणं जेमतेम. कुठून सुरू करू? जुन्या तबकड्यांची खरखर मला थोडी त्रास देते.

---

स्वरदा_गायन

मग 1921 पासून सुरू करू नका. आधी ‘ॲम आय ब्लू?’ (1929) आणि ‘स्टॉर्मी वेदर’ (1933). दोन्ही माइकच्या काळातली आहेत, आवाज स्वच्छ आहे. मग ‘डायना’. त्यानंतर 1928 चं ‘माय हँडी मॅन’, जेम्स पी. जॉन्सनच्या पियानोवर. द्व्यर्थी गाणं आहे, पण ती इतक्या निरागसपणे म्हणते की मजा येते आणि पियानोचा डावा हात वेगळा ऐकण्यासारखा आहे. हे सगळं रुळलं की मग ‘डाउन होम ब्लूज’ ऐका, तेव्हा खरखर आड येणार नाही.

---

तबकडीवाला

स्वरदाताईंच्या यादीत 1928 चं ‘वेस्ट एंड ब्लूज’ घाला. त्याच वर्षी आर्मस्ट्राँगने ट्रंपेटवर जे केलं ते सगळ्यांना पाठ असतं, तिचं ऐकलेले कमी. दोन्ही लागोपाठ लावा. नवखा_श्रोता, ऐकून झालं की इथेच लिहा, नाटकी वाटलं की नाही ते.